ईशानच्या वह्या घरीच राहिल्या

आमीर खान दिग्दर्शित 'तारे जमीन पर' हा 2007 सालचा हिंदी चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-अक्षमता, हा शब्द सामान्य पालकांपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. वाळूत अक्षरे गिरवणे, पायऱ्यांवर चढ-उतार करीत बेरीज-वजाबाकी शिकणे, ही दृश्ये तर प्रत्येक शिक्षकाने जरूर पाहावीत.

शास्त्रीय बाजू मात्र काहीशी ढिली आहे. चित्रपटात अक्षरे नाचतात, उलटी होतात. वास्तविक लहान वयात बरीच मुले काही अक्षरे उलटी काढतात. वाचन-अक्षमतेचे मूळ बहुतांशी शब्दातील ध्वनी सुटे ओळखून ते अक्षरांशी जोडण्यातील अडचणीत असते. आइन्स्टाइन आणि लिओनार्दो यांना या यादीत बसवणे तर निव्वळ अंदाजपंचे. त्यांची तपासणी कोणी केली होती?

पण आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. तिसरीत दुसऱ्यांदा बसलेल्या ईशानला वडील मुंबईच्या शाळेतून काढून दूरच्या निवासी शाळेत घालतात. तेथे चित्रकलेचे हंगामी शिक्षक निकुंभ येतात, त्यांना शंका येते, ते मुंबईला ईशानच्या घरी जाऊन त्याच्या जुन्या वह्या चाळतात. चुका वाटेल तशा नाहीत, त्यांत एक निश्चित घाट आहे, हे तेथे उलगडते. म्हणजे पुरावा आधीपासून होताच! मूल शाळा बदलून गेले, वह्या घरी राहिल्या. नव्या शाळेने शून्यापासून सुरुवात केली आणि जुन्या शाळेचाच निकाल पुन्हा दिला: आळशी, बेशिस्त.

चित्रपट या जागी थांबत नाही. त्याला एका भल्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. चित्रकला-स्पर्धा होते, सुटी लागते, निकुंभ मुलाला उंच उचलतात आणि पडदा पडतो. पुढच्या वर्षी वर्गावर कोण असेल? हंगामी शिक्षकाने या मुलाबद्दल जे जाणले ते लिहून कोठे ठेवले आहे? कथेला हा प्रश्नच पडत नाही.

आपल्याकडे तो दरवर्षी पडायला हवा. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती महाराष्ट्रात 1996 पासून आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर अध्ययन-अक्षमता लवकर ओळखणे आणि अशा विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे हे कर्तव्यच ठरवले. तरी चौथीतून पाचवीत किंवा सातवीतून आठवीत मूल शाळा बदलते तेव्हा सोबत जातो तो शाळा सोडल्याचा दाखला. त्यात 'अभ्यासातील प्रगती' समाधानकारक आणि 'वर्तणूक' चांगली. (उलटे लिहिलेला दाखला आम्ही तरी पाहिलेला नाही.)

या दाखल्याला पालकांच्या संमतीने एक पान जोडता येईल. मोठ्याने वाचताना मूल कोठे अडते, तोंडी विचारल्यास उत्तर देते का, कोणता उपाय लागू पडला, कोणता फसला. सोबत दोन जुन्या वह्या, लाल शाईसकट.