निळा ॲडमिरल

पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सकाळच्या स्टँडअपला मी म्हणालो, "तो बग मी पाहून राहिलो." सगळे हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता, हे आजही मान्य करतो. पण टीम लीडनं ते वाक्य उचललं आणि पुढे दोन वर्षं माझ्या नावाऐवजी वापरलं. "काय, पाहून राहिला का?" मीही हसायचो. तिसऱ्या महिन्यापासून मी "पाहतोय" म्हणायला लागलो. दिवाळीला नागपूरला आलो तेव्हा बाबा म्हणाले, "पुण्याचाच होऊन गेला बे तू तं."

त्याच दिवसांत पीजीच्या खोलीत टिमथी झानची 'थ्रॉन' वाचली. २०१७ सालची ही कादंबरी 'स्टार वॉर्स'च्या विश्वात घडते. सिनेमे बघून वाढलेल्या माणसाला वाटतं, यात लेझरच्या तलवारी आणि अंतराळातल्या लढाया असणार. लढाया आहेत, पण निम्मं पुस्तक बढत्या, बदल्या, मेजवान्यांमधली कुजबुज आणि कोण कुठल्या ग्रहावरून आलाय याची चौकशी यांवरच खर्ची पडलंय. म्हणजे ऑफिसच.

गोष्ट थोडक्यात अशी. पाल्पाटीननं प्रजासत्ताक मोडून साम्राज्य उभं केलंय, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. नकाशाबाहेरच्या एका निर्जन ग्रहावर साम्राज्याच्या सैनिकांना एक निर्वासित सापडतो. कातडी निळी, डोळे लाल, नाव मिथ-रॉ-नुरुओडो. हाच थ्रॉन. तो सम्राटापुढे उभा राहतो, आपल्याला अज्ञात प्रदेशांची माहिती आहे म्हणतो आणि राजधानीतल्या लष्करी अकादमीत दाखल होतो. सोबत दुभाषा म्हणून ईलाय व्हँटो नावाचा पोरगा बांधला जातो. त्याला रसदपुरवठ्याच्या खात्यात सरळसोट नोकरी करायची होती. मानवांच्या या नौदलात थ्रॉन एकेक पायरी चढत ग्रँड ॲडमिरल होतो. (निळा रंग बघून मला जरा जास्तच आपुलकी वाटली, हे कबूल करतो. उत्तर नागपुरातल्या आमच्या घरात निळ्याचं काय आहे, ते वेगळं सांगायला नको.)

या साम्राज्यात मानवेतरांविषयी एवढा तिटकारा का, याचं खरं उत्तर गमतीचं आहे. १९७७च्या पहिल्या सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण इंग्लंडमध्ये झालं, आणि साम्राज्याचे अधिकारी म्हणून पडद्यावर दिसले ते सगळे गोरे, बहुतेक ब्रिटिश वळणाचं इंग्रजी बोलणारे पुरुष. रबरी मुखवटे घातलेले परग्रहवासी राहिले दारूच्या गुत्त्यात. पुढे खेळांच्या पुस्तिका आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी या योगायोगाला कारण शोधलं आणि मानवश्रेष्ठत्वाचं एक धोरणच रचलं. आधी व्यवहार, मग त्याचं शास्त्र. आपल्याकडे हा क्रम अनोळखी नाही.

झानचं कौतुक असं की हा पूर्वग्रह तो घोषणांमधून दाखवत नाही. त्याच्या साम्राज्यात प्रतवारी अंतरावर चालते. मधले जुने ग्रह वरच्या दर्जाचे, कडेचे खालच्या, आणि 'वाइल्ड स्पेस'मधून आलेला म्हणजे जवळजवळ रानटी. व्हँटो माणूसच आहे, निळा नाही, पण लिसात्रा नावाच्या कडेच्या ग्रहावरचा. तो तोंड उघडतो आणि त्याच्या हेलावरून समोरचा त्याची जागा ठरवतो. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ पंख्याकडे बघत बसलो होतो. पुणं, मग औरंगाबाद-नांदेड, मग नागपूर, मग गोंदिया-गडचिरोली ही आपली प्रतवारी कोणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. आणि त्यात मीही आलोच. कॉलेजात गडचिरोलीच्या मुलाला आम्ही 'जंगलातून आला' म्हणायचो आणि तोही हसायचा. व्हँटोसुद्धा थ्रॉनकडे आधी संशयानंच पाहतो, कारण त्याच्या गावाकडे या निळ्या लोकांच्या दंतकथा आहेत.

आणखी एक गोष्ट झानला नेमकी सापडलीय. थ्रॉनच्या नजरेतून लिहिलेल्या प्रसंगांत समोरच्याच्या चेहऱ्यावरच्या बारीक खुणा सतत नोंदलेल्या असतात. कुठला स्नायू ताणला, गालावर उष्णता वाढली, आवाजात ताण आला. पुस्तकात हे त्याच्या जातीच्या डोळ्यांचं आणि बुद्धीचं वैशिष्ट्य आहे. मला ती अमानवी शक्ती वाटली नाही. भाड्यानं खोली बघायला गेल्यावर "पूर्ण नाव काय?" असं विचारलं जातं, आणि आडनाव सांगितल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात घरमालकाच्या चेहऱ्यावर काय होतं, ते आमच्याकडच्या कुठल्याही पोराला वाचता येतं. त्यासाठी डोळे लाल असावे लागत नाहीत.

इथवर मी या पुस्तकाच्या प्रेमात होतो. पहिल्या वाचनात तर शेवटपर्यंत होतो. दुसऱ्यांदा वाचलं ते गेल्या वर्षी, नागपूरला परत आल्यावर, मिहानमधल्या नोकरीत स्थिरावल्यावर. तेव्हा खटकलं ते हे: थ्रॉन कधी हरतच नाही. प्रत्येक लढाई जिंकतो, प्रत्येक कट त्याला आधी कळतो. चुकला तरी ती चूक राजकारणातली असते, आणि 'मला राजकारण कळत नाही' हा दोष इथे प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून येतो. त्याचा द्वेष करणारे अधिकारी बहुतेक मठ्ठ किंवा मत्सरी. म्हणजे पूर्वग्रह ही मूर्खांची सवय, आणि पुरेशी हुशारी दाखवली की तिच्यावर मात होते. सगळ्यात वर बसलेला सम्राट तर गुणग्राहक! ज्यानं ही व्यवस्था उभी केली तोच थ्रॉनपुरता तिच्या वर आहे.

ही गोष्ट मला नको तितकी गोड लागली होती, कारण मला तीच हवी होती. कॅम्पस प्लेसमेंटनंतर वर्गातला एक जण मला मनापासून म्हणाला होता, "तू तसा वाटत नाहीस." त्याला कौतुक करायचं होतं. मीही दोन दिवस ते कौतुक म्हणून घेतलं. थ्रॉनच्या प्रत्येक बढतीचा मथितार्थ हाच आहे. तो तसा वाटत नाही. आणि 'तसे' असलेल्या बाकीच्यांचं काय, हे कादंबरी विचारत नाही. अख्ख्या नौदलात एक निळा ॲडमिरल आहे, म्हणून नौदल न्यायी ठरतं. शिवाय त्याला रोज जिंकावं लागतं. कोरुसांटच्या वशिल्याचा एखादा कॅप्टन एक जहाज बुडवून पुढच्या पोस्टिंगला जाऊ शकतो. थ्रॉनला ती मुभा नाही. झान हे दाखवतो, पण त्याची किंमत मोजत नाही.

खरं काय होतं त्यासाठी आकाशगंगेत जायला नको. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली त्याच संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले, आणि काही दिवसांत हातात काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहिलंय. इथे सगळ्यात वरचा माणूस त्यांच्या बाजूचा होता, आणि सयाजीरावांची कळकळ पाल्पाटीनसारखी मतलबी नव्हती. गुणवत्तेबद्दल तर बोलायलाच नको. तरीही एक खोली मिळाली नाही. पूर्वग्रह दरबारात कमी आणि धर्मशाळेच्या वहीत जास्त राहतो, हे झानला कळलेलं नाही. किंवा कळलं असेल, पण मग ग्रँड ॲडमिरलची गोष्ट पुढे सरकली नसती.

म्हणून दुसऱ्या वाचनात मला व्हँटो जास्त खरा वाटला. थ्रॉन धडाधड वर जातो आणि हा वर्षानुवर्षं एन्साइनच. त्याचं हुन्नर आकड्यांचं. कुठला माल कुठे चाललाय, डूनियम नावाचा धातू अचानक महाग का झाला, पुरवठ्याच्या नोंदी कुठे जुळत नाहीत, हे तो शोधून काढतो. लॉग फाइली चाळून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला असा नायक क्वचितच मिळतो.

कादंबरीतली तिसरी व्यक्ती अरिंडा प्राइस. ती लोथल ग्रहावरची (नाव वाचून आपल्याला गुजरातमधलं हडप्पाकालीन बंदर आठवतं). तिच्या घरची खाण आहे. त्या खाणीत डूनियम निघतं आणि राजधानीला ते हवं असतं. मग आईवर अफरातफरीचा आळ येतो आणि खाण हातची जाते. हा भाग झाननं घाईत उरकलाय, पण विदर्भात बसून तो घाईत वाचता येत नाही. चंद्रपूरचा कोळसा, एटापल्ली तालुक्यातलं सुरजागडचं लोखंड आणि त्याला झालेला ग्रामसभांचा विरोध. धातू कडेला निघतो, निर्णय मध्यावर होतो. प्राइसवर अन्याय झाला, मान्य. पण पुढे ती न्याय मागत नाही, अन्याय करण्याची जागा मागते, आणि मिळवतेही. थ्रॉनला न कळणारं राजकारण ती त्याच्यासाठी सांभाळते. शेवटी बॅटनवर स्वतःचं एक पाप झाकण्यासाठी ती जो स्फोट घडवते, त्यात बंडखोरांबरोबर असंख्य साधे लोक मरतात. त्या विजयानंतर थ्रॉन ग्रँड ॲडमिरल होतो. तो राजीनामा देत नाही. मला पहिल्या वाचनात हे लक्षातही आलं नव्हतं, मी त्याच्या बढतीचा आनंद मानत होतो.

मराठीत असं साम्राज्य कोणी कल्पिलंय का, हे शोधताना जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'शी येऊन थांबलो. आकाशगंगा नाही, पण कल्पित साम्राज्य आहेच. विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून जाते, पानिपत मराठे जिंकतात, ईस्ट इंडिया कंपनीचा विस्तार अडतो आणि इतिहास दुसऱ्या रुळावर जातो. नारळीकरांचं लक्ष त्या रूळ बदलण्याच्या विज्ञानावर आहे आणि ते काम त्यांनी सुरेख केलंय. शाळेत असताना ती वाचून मीही छाती फुगवली होती. आता वाचताना वेगळाच प्रश्न पडतो. न हरलेल्या त्या पेशवाईत माझ्या पणजोबांच्या पणजोबांना कुठल्या विहिरीवर पाणी मिळालं असतं? गंगाधरपंतांना तो सुचत नाही. प्रोफेसर भला माणूस आहे, पण त्याचं 'आपण' त्याच्या ओळखीच्या लोकांपुरतंच आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी सोयीस्करपणे व्हँटोच्या बाजूला उभा राहिलो असतो. पण ऑफिसात माझ्या शेजारी एक बंगाली मुलगी बसते. मी मूळचा नागपूरचाच, असं कळल्यावर ती म्हणाली, "अरे, म्हणजे तू बर्गी!" मला शब्दच कळला नाही. मग तिनं एक अंगाई गुणगुणून दाखवली. मूल झोपवताना म्हणायची, पण तिच्यात बर्गी आल्याची भीती आहे आणि सारा भरायला धान्य उरलं नसल्याची चिंता. बर्गी म्हणजे बारगीर. १७४०च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा वर्षामागून वर्षं बंगालवर जात राहिल्या. १७५१च्या तहात अलीवर्दीखानानं ओडिशा सोडला आणि वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात हा मोहिमेचा विस्तार होता. डलहौसीनं १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा केलं, तो अन्याय मात्र आम्हाला सविस्तर शिकवला गेला.

थ्रॉनची सगळ्यात प्रसिद्ध खुबी अशी की तो शत्रूची चित्रं, शिल्पं गोळा करतो, तासन्‌तास न्याहाळतो आणि त्यांतून त्या समाजाची दुबळी बाजू ओळखतो. सुसंस्कृत सेनापती म्हणून वाचक त्याच्यावर फिदा असतात. त्याच्या संग्रहात काय असतं ते पाहिलं तर सगळं भिंतीवर टांगता येणारं, टेबलावर ठेवता येणारं. जिंकलेल्यांच्या घरात रात्री मुलांना काय म्हणून झोपवतात, ते ऐकायला तो कधी जात नाही. गेला असता तर त्यात त्याला दुबळी बाजू सापडली नसती, स्वतःचं नाव सापडलं असतं.

मी तिला म्हणालो, भोसल्यांशी माझा काही संबंध नाही, माझे पूर्वज असलेच तर त्या फौजेच्या सामानाखाली वाकलेले असतील. ती म्हणाली, "असेल. पण माझ्या आजीला ते कुठे माहीत?" मग दोघं चहाला गेलो. परत येताना तिनं विचारलं, भोसल्यांचा वाडा अजून आहे का? म्हटलं, महालात आहे, रविवारी दाखवतो. "काय करून राहिली रविवारी?" असं विचारल्यावर ती हसली नाही. तिला वाटलं मराठी असंच बोलतात.