कवीच्या सावलीतला जनरल

रावळपिंडी कट खटला उर्दू वाचकाला माहीत असतो तो फैज अहमद फैज यांच्यामुळे. ‘दस्ते-सबा’ आणि ‘जिंदाँनामा’ या संग्रहांना त्या तुरुंगवासाची पार्श्वभूमी आहे. त्यांवर उर्दू समीक्षेने भरभरून लिहिले. पण या खटल्याचा प्रमुख आरोपी कवी नव्हता. तो पाकिस्तानी लष्कराचा चीफ ऑफ जनरल स्टाफ, मेजर जनरल अकबर खान होता. सरकार उलथवण्याच्या आरोपावरून तुरुंगात गेलेला हा अधिकारी पुढे सरकारातच कसा बसला, याचे उत्तर काही अंशी आपल्या वाचनाच्या सवयीत सापडते, असे आम्हाला वाटते.

मार्च १९५१ मध्ये अटका झाल्या. १५ आरोपींपैकी ११ जण लष्करी अधिकारी होते. सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात बंद दाराआड खटला चालला. सर्वांत मोठी शिक्षा अकबर खान यांना झाली. फैज आणि ते १९५५ साली सुटले. खटला गुप्त राहिल्याने आरोप नेमका काय आणि पुरावा किती, हे जनतेपुढे आलेच नाही. जो कलंक कोणी तपासून पाहिला नाही, तो पुसणेही सोपे जाते.

कलंक पुसण्याच्या कामी साहित्याने नकळत हातभार लावला. ‘जिंदाँनामा’ला प्रस्तावना आहे ती मेजर मुहम्मद इसहाक या सहआरोपी अधिकाऱ्याची. सहकाऱ्याने जिव्हाळ्याने लिहिणे स्वाभाविकच. मात्र त्यामुळे कवी आणि सैनिक एकाच प्रकाशात उभे राहतात. दुसरे सहआरोपी कॅप्टन जफरुल्ला पोशनी यांनी आठवणींत आग्रहाने सांगितले आहे की, फेब्रुवारी १९५१ च्या बैठकीत उठाव करायचा नाही असेच ठरले. ते मान्य केले तरी लष्करी सत्तेच्या योजनेवर चर्चा झाली आणि त्या बैठकीत फैजही होते, हे उरतेच. समीक्षकाने तिथे थांबायला हवे होते. आपण मात्र ‘कैद’ आणि ‘कफस’ या शब्दांपाशीच भारावून गेलो.

अर्थात, कविता वाचून कोणी मंत्री होत नाही. ज्या अयूब खान यांच्या सेनापतिपदाच्या काळात अकबर खान यांना पकडले गेले, त्यांनी स्वतःच १९५८ साली सत्ता घेतली. मग जुन्या कटवाल्याला दोषी कोण म्हणणार? १९४७ च्या काश्मीर मोहिमेतले ‘जनरल तारिक’ हे नाव त्यांच्या गाठीशी होतेच. त्या मोहिमेवर त्यांनी १९७० साली इंग्रजीत पुस्तकही लिहिले. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानचे लष्कर हरले आणि झुल्फिकार अली भुट्टो सत्तेवर आले. त्यांना लष्करावर वचक हवा होता. लष्कराने बाहेर टाकलेला जनरल यासाठी सोयीचा! राष्ट्रीय सुरक्षेचे काम भुट्टोंनी अकबर खान यांच्याकडे सोपवले. त्याच राजवटीत फैज यांच्याकडे कलेची राष्ट्रीय संस्था आली. एकाच तुरुंगाच्या पुण्याईवर दोघांना दोन पदे मिळाली.

यात फैज यांच्या कवितेचे मोल कमी होत नाही. प्रश्न आपल्या मोजमापाचा आहे. उर्दू शाळांतून आम्ही शिक्षक ‘शायर कैदेत होता’ हे असे सांगतो की मुलांना कैद हीच सचोटीची सनद वाटावी. माणूस कशासाठी आत गेला आणि बाहेर आल्यावर त्याने काय केले, हे आम्ही विचारू देत नाही. पुढे हीच मुले मतदार होतात. तुरुंगातून आलेला पुढारी हार घालून समोर उभा राहिला की त्यांच्यापाशी विचारायला प्रश्नच नसतो. तो प्रश्न कवितेच्या तासालाच शिकवता येईल, आणि फैज यांची कविता तो पेलण्याइतकी भक्कम आहे.