आंब्याची पेटी व तिचे वाङ्मय

जाहिरातीस वाङ्मयाच्या पंक्तीला बसवावे की नाही, हा वाद जुना आहे व त्यात शिरण्याचा आमचा विचार नाही. परंतु कोकणातील आंबा बागाईतदारांच्या कुटुंबांनी अलीकडे मोबाईलच्या द्वारे शहरातील गिऱ्हाइकांशी जो संवाद चालविला आहे, तो निव्वळ जाहिरात म्हणून बाजूस सारता येईल असे आम्हांस वाटत नाही. मोहोर फुटल्यापासून पेटी रवाना होईपर्यंतची हकीकत फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूब यांवर चित्रांनी आणि शब्दांनी सांगितली जाते. व्हॉट्सअॅपवर मागणी नोंदविली जाते. आणि सांगणारा स्वतः बागेत उभा असतो. जे निवेदन घरोघरी आवडीने पाहिले व ऐकले जाते, त्याच्या गुणदोषांची चर्चा करणे हे टीकाकाराचे कर्तव्यच होय.

या निवेदनाचा जन्म गरजेतून झाला. पूर्वी बागाईतदाराने पेट्या वाशीच्या बाजारात अडत्याकडे पाठवाव्या आणि हमाली, वाहतूक इत्यादी खर्च वजा करून आलेली पट्टी मुकाट्याने स्वीकारावी, अशी सर्वसाधारण रीत होती. ते फळ कोणी खाल्ले आणि खाणाऱ्यास ते कसे लागले, याचा एक शब्दही त्या पट्टीत नसे. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. पुढे २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, तेव्हा हापूसचा हंगाम तोंडावर होता. एप्रिलात वाशीचा बाजारही काही दिवस बंद राहिला. त्या संकटात अनेक बागाईतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांशी व्हॉट्सअॅपवरून संधान बांधले व पेट्या थेट दारी पोचविल्या. अडचणीत शोधलेली ही वाट पुढे कित्येकांच्या अंगवळणी पडली.

या प्रकारातील पहिला गुण असा की, येथे शेतकरी स्वतः बोलतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो शेतकऱ्याची बाजू कोणीतरी मांडणे अगत्याचे होते म्हणून. त्यानंतर आमच्या सुशिक्षित लेखकांनी शेतकऱ्याची कीव केली, क्वचित पूजाही केली. पण काही सन्माननीय अपवाद वगळता तो कथेचा विषयच राहिला, निवेदक झाला नाही. आज तो निवेदक झाला आहे. कणी, झेला, अढी हे शब्द तो सहजपणे वापरतो, आणि शहरातील मुले ते ऐकून शिकतात. भाषेचा हा लाभ लहान नव्हे.

दुसरा गुण विश्वासाचा. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरते. तरीही परप्रांतीचा आंबा हापूस म्हणून विकला जातो, ही तक्रार थांबलेली नाही. अशा स्थितीत नाव आणि चेहरा पुढे करून बोलणारा माणूस आपल्या मालाची जबाबदारी पत्करतो. खोक्यावरील छापील नावापेक्षा या पत्करण्याचे मोल अधिक आहे.

परंतु दोषही तितकेच ठळक आहेत. या चित्रांत बहुधा नित्य सण असतो. ऊन कोवळे, आजी हसरी, फळ सोनेरी! कोकणच्या कित्येक बागांत राखणीपासून तोडणीपर्यंतची कामे नेपाळहून आलेले मजूर करतात. 'आमच्या कुटुंबाची बाग' या कथेत त्यांना स्थान क्वचितच मिळते. फवारणीचा खर्च, तुडतुड्यांचा उपद्रव आणि अवकाळी पावसाने काळा पडलेला मोहोर हेही सहसा दिसत नाहीत. हापूसमध्ये साका नावाचा दोष असतो. फळ बाहेरून निर्दोष दिसते, पण कापल्यावर आतला गर पांढरट व स्पंजासारखा निघतो. या वाङ्मयासही साक्याचे भय आहे, असे आम्ही म्हणतो ते एवढ्याचसाठी.

येथे बहिणाबाई चौधरींची आठवण होते. त्यांचे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. घरोट्यावर आणि शेतात बोलताना त्यांना कोणास काही विकावयाचे नव्हते. म्हणून सुखाइतकेच दुःखही त्यांच्या बोलण्यात मोकळेपणाने आले. आजच्या बागाईतदारास ही मोकळीक नाही. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे पेटीचा भाव उभा असतो. यात त्याचा अपराध नाही; परंतु या प्रकाराची मर्यादा मात्र आहे.

शिवाय, 'मधला दलाल गेला' ही घोषणा अर्धीच खरी आहे. कोणाचे चित्र किती जणांस दाखवावयाचे, हे आता परदेशी कंपनीचे यंत्र ठरविते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ही तिन्ही एकाच कंपनीच्या मालकीची आहेत. जुना अडत्या निदान नावाने ओळखता येई व त्याच्याशी भांडता येई. या नव्या अडत्यापुढे चांगले फळ पिकविणारा अबोल शेतकरी मागे पडतो आणि चांगले बोलणारा पुढे जातो. बोलकेपणा हा फळाचा गुण नव्हे, हे गिऱ्हाइकानेच ध्यानात ठेविले पाहिजे.

मग या वाङ्मयाची कसोटी कोणती? आमच्या मते ती वाईट वर्षात लागते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने कोकणच्या बागा झोडपल्या. अशा वेळी जो गळलेल्या फळांचा सडा दाखवितो, यंदा माल कमी व भाव अधिक का हे स्पष्ट सांगतो, आणि साका निघाल्यास फळ बदलून देण्याचे वचन पाळतो, त्याचे निवेदन आम्ही श्रेष्ठ मानू. मग त्याची चित्रे धूसर का असेनात. मात्र असे खरे बोलणे टिकावे असे वाटत असेल, तर ऐकणाऱ्यानेही ते सोसले पाहिजे. डागाळलेली साल पाहून पेटी परत पाठविणारे आणि भावासाठी घासाघीस करणारे गिऱ्हाईक शेतकऱ्याकडून सत्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? निवेदकास जसे गिऱ्हाईक लाभते, तसेच त्याचे निवेदन घडत जाते.