प्रसंग आणि परिस्थिती : विनोदी मालिकेच्या नमुनाभागाचा विचार

मराठी समीक्षेत विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ व स्वभावनिष्ठ असे जे वर्ग रूढ आहेत, त्यांपैकी दुसऱ्या वर्गात पाश्चात्त्य दूरचित्रवाणीवरील ‘सिटकॉम’ हा प्रकार सहजच घातला जातो. त्या नावातील ‘सिच्युएशन’ या शब्दाचे भाषांतर ‘प्रसंग’ असे केले की वर्गीकरण बिनतक्रार पुरे होते. तथापि ते फसवे आहे. प्रसंग घडतो आणि संपतो. सिटकॉममधील ‘सिच्युएशन’ संपत नाही. किंबहुना ती संपू नये हीच त्या प्रकाराची अट होय. एका घरात अडकलेले बापलेक, एका दुकानातील कुरबुरणारे नोकर, एका कोठडीतील दोन कैदी ही परिस्थिती आहे. प्रसंग तिच्यावर दर आठवड्यास येऊन आदळतात व ओसरतात. ती होती तशीच उरते. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाची एकच कथा वाचलेला वाचक आणि त्याच्या साऱ्या कुटुंबाशी परिचय झालेला वाचक एकाच वाक्यास सारखे हसत नाहीत, हे मराठी रसिकास वेगळे सांगावयास नको.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे प्रक्षेपणसंस्थांच्या एका जुन्या रीतीविषयी शंका उपस्थित होते. नवी मालिका हाती घेण्यापूर्वी तिचा एकच भाग तयार करावयाचा आणि तो स्वतः पाहून अथवा निवडक प्रेक्षकांस दाखवून पुढील भाग करावयाचे की नाहीत हे ठरवावयाचे, अशी ती रीत आहे. या भागास व्यवसायात ‘पायलट’ म्हणतात. येथे त्यास नमुनाभाग म्हटले आहे. कापडाचा व्यापारी ताग्यातून कापलेला तुकडा गिऱ्हाइकास दाखवितो, कारण ताग्याचा पोत व रंग त्या तुकड्यात पुरतेपणी उतरलेले असतात. मालिकेचे तसे नाही. नमुनाभागात प्रसंग असतोच. परंतु जी परिस्थिती आवर्तनानेच सिद्ध व्हावयाची, ती त्यात कितपत असू शकते?

अमेरिकेत ही रीत एखाद्या यंत्रासारखी बांधली गेली. अनेक दशके तेथील मोठ्या वाहिन्यांचे वर्ष ठरलेले असे. शरदात संहिता लिहवून घ्यावयाच्या, हिवाळ्यात त्यांतील थोड्यांस नमुनाभागाची परवानगी द्यावयाची, वसंतात चित्रण उरकावयाचे आणि मे महिन्यात न्यूयॉर्क येथे निवडलेल्या मालिका जाहिरातदारांपुढे मांडावयाच्या. मधल्या टप्प्यावर प्रेक्षकांची चाचणी घेतली जाई. तिचे मूळ नभोवाणीच्या काळात आहे. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि पुढे सीबीएसचे अध्यक्ष झालेले मानसशास्त्रज्ञ फ्रँक स्टँटन या दोघांनी १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एक उपकरण सिद्ध केले. कार्यक्रम चालू असता आवडलेल्या क्षणी श्रोत्याने हिरवी कळ दाबावी, नावडलेल्या क्षणी तांबडी, आणि दोन्ही दाबल्या नाहीत तर तो उदासीन आहे असे समजावे, अशी त्याची योजना होती. दूरचित्रवाणी आल्यावर हीच कल्पना तिला लागू झाली. लॉस एंजेलिस येथील एका चाचणीगृहात प्रेक्षकांच्या हाती फिरविण्याच्या खुंट्या दिल्या जात, आणि मुख्य कार्यक्रमापूर्वी मिस्टर मागू या व्यंगचित्रपात्राचा एक लघुपट दाखवून त्या दिवशीचा प्रेक्षक हसण्यात उदार आहे की कंजूष, हे आधी पाहून घेत. मापण्यापूर्वी तराजू तपासण्याची ही युक्ती निर्दोष होती. दोष मापल्या जाणाऱ्या पदार्थाच्या निवडीत होता. क्षणाक्षणाच्या आवडीची बेरीज म्हणजे मालिकेविषयीची ओढ, असे गृहीत धरले गेले. आणि ओढ ही तर परिचयानंतरची भावना आहे.

या गृहीतकाची परीक्षा ‘साइनफेल्ड’ या मालिकेच्या नमुनाभागाने उत्तम होते. जेरी साइनफेल्ड व लॅरी डेव्हिड यांनी लिहिलेला हा भाग एनबीसीने ५ जुलै १९८९ रोजी, म्हणजे मोठ्या कार्यक्रमांच्या विश्रांतीच्या हंगामात, दाखविला. तत्पूर्वी झालेल्या चाचणीचा अहवाल प्रतिकूल होता. त्यात या भागाची कामगिरी दुर्बल ठरविण्यात आली होती. नायकाच्या साथीदारांत कोणी प्रेक्षकांच्या मनात भरले नाही, असेही मत नोंदले गेले. हा अहवाल खोटा नव्हता. परगावची एक ओळखीची स्त्री नायकाकडे मुक्कामास येणार आहे. तिचा हेतू स्नेहाचा की प्रेमाचा, याचा तो मित्रासह काथ्याकूट करतो, आणि शेवटी तिचा वाङ्‌निश्चय दुसऱ्याशी झालेला असल्याचे कळते. कथानक एवढेच. मागाहून क्रेमर म्हणून प्रसिद्धीस आलेला शेजारी येथे केसलर या नावाने वावरतो, आणि एलेन हे पात्र तर जन्मासही आलेले नाही. साथीदारांविषयीची तक्रार वाहिनीने मनावर घेतली व स्त्रीपात्राचा आग्रह धरला, याचे श्रेय चाचणीस दिलेच पाहिजे. परंतु अहवालावर निर्णय सोपविला असता तर मालिका तेथेच संपती. वाहिनीतील रिक लडविन या अधिकाऱ्याने आपल्याकडील विशेष कार्यक्रमांच्या पैशांतून आणखी चार भागांची सोय केली, म्हणून ती वाचली.

या नमुनाभागातील पहिला संवाद सदऱ्याच्या एका गुंडीविषयीचा आहे: गुंडी फार वर लावली आहे, तीवरच सदऱ्याचे रूप अवलंबून असते, इत्यादी. १९८९ च्या प्रेक्षकास या बोलण्यात हसण्याजोगे फारसे नव्हते, आणि कळ दाबण्याजोगे तर त्याहून नव्हते. १९९८ च्या मे महिन्यात मालिकेचा अखेरचा भाग प्रक्षेपित झाला. त्यात तुरुंगाच्या कोठडीत बसलेले तेच दोघे मित्र तोच गुंडीचा विषय पुन्हा काढतात, आणि हे आपण पूर्वी बोललो आहोत की काय, अशी त्यांस शंका येते. शब्द जवळजवळ तेच आहेत. मधल्या नऊ वर्षांत या माणसांनी काहीही शिकलेले नाही ही जाणीव तेवढी प्रेक्षकाजवळ नव्याने जमा झाली आहे, आणि विनोद त्या जाणिवेत आहे. ती मोजण्याचे साधन १९८९ साली कोणाजवळही असणे शक्य नव्हते.

इंग्लंडमध्ये वेगळी वाट चोखाळली गेली. बीबीसीने १९६१ च्या डिसेंबरात ‘कॉमेडी प्लेहाउस’ हे सदर सुरू केले आणि प्रथम त्याचे लेखन रे गाल्टन व अ‍ॅलन सिम्पसन या जोडीकडे सोपविले. दर वेळी नवी पात्रे, नवे स्थळ आणि अर्ध्या तासात पूर्ण होणारी विनोदी नाटिका, असे त्याचे स्वरूप होते. ५ जानेवारी १९६२ रोजी सादर झालेली ‘द ऑफर’ ही नाटिका या दृष्टीने मननीय आहे. लंडनमध्ये घोडागाडीतून भंगार गोळा करणारे बापलेक हे तिचे विषय. मुलाला हे जिणे सोडून जावयाचे आहे. तो आपले सामान गाडीवर रचतो. बाप घोडा नेऊ देत नाही. तेव्हा मुलगा स्वतःच गाडी ओढू पाहतो. गाडी जागची हलत नाही. त्यास रडू कोसळते व बाप त्यास घरात घेऊन जातो. या भूमिकांसाठी विनोदी नट न योजता विल्फ्रिड ब्रॅम्बेल व हॅरी एच. कॉर्बेट हे गंभीर नाटकांतील नट निवडले होते, हेही लक्षणीय आहे.

ही नाटिका नमुना म्हणून लिहिलेली नव्हती. तीत मालिका आहे हे बीबीसीच्या मनोरंजनविभागाचे प्रमुख टॉम स्लोन यांस दिसले. लेखक तर प्रारंभी राजीही नव्हते. तरीही नमुनाभाग म्हणून तिच्याइतकी चोख कृती क्वचितच आढळेल. कारण तिच्यातील प्रसंग म्हणजेच परिस्थितीचे उघडे पडणे आहे. न हलणारी गाडी पाहिल्यावर पुढच्या आठवड्यातही मुलगा निघू पाहील आणि पुन्हा राहील, हे प्रेक्षकास कळून चुकते. ‘स्टेप्टो अँड सन’ या नावाने त्याच वर्षी सुरू झालेली मालिका १९७४ पर्यंत चालली. ‘सॅनफर्ड अँड सन’ हे तिचे अमेरिकन रूपांतर १९७२ मध्ये आले.

यावरून इंग्रजी पद्धती सर्वस्वी शहाणी होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या सदरातील कित्येक नाटिका एकदाच दिसल्या व विस्मृतीत गेल्या. स्मरणात राहतात त्या यशस्वी. शिवाय दैवाचा हातही मोठा होता. ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ ही नाटिका अडगळीत पडून होती. १९७२ मध्ये म्युनिक येथील हत्याकांडामुळे ऑलिम्पिक क्रीडांच्या प्रक्षेपणात खंड पडला आणि मोकळा वेळ भरण्यासाठी ती ८ सप्टेंबरला दाखविण्यात आली. पुढच्याच वर्षी तिची मालिका झाली. तथापि एक भेद उरतोच. इंग्रजी नमुना सर्वांपुढे सादर होई. तो अयशस्वी ठरला तरी नाटिका म्हणून त्यास प्रेक्षक व टीकाकार लाभत. अमेरिकेत नाकारलेले बहुतेक नमुने कपाटात गेले. ज्या कृतीस वाचिवीर वा निंदक कोणीच भेटला नाही, तिच्याविषयी चाचणीचा निर्णय चूक होता की बरोबर, हे कोण सांगणार?

या प्रश्नाचे अंशतः उत्तर एका अपवादाने दिले आहे. कॉमेडी प्लेहाउसमध्येच १९६५ साली जॉनी स्पाइट यांची एक नाटिका सादर झाली. संतापी, पूर्वग्रहदूषित कुटुंबप्रमुखाची ही परिस्थिती ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या मालिकेत १९६६ पासून विस्तारली. तिच्या आधारे नॉर्मन लिअर यांनी अमेरिकेत १९६८ व १९६९ मध्ये एबीसीसाठी दोन नमुनाभाग केले. एबीसीने दोन्ही नाकारले. तिसरा सीबीएसने स्वीकारला व १२ जानेवारी १९७१ रोजी ‘ऑल इन द फॅमिली’ दिसू लागली. पुढे सलग पाच हंगाम ती प्रेक्षकसंख्येत पहिली राहिली. तिन्ही वेळी संहिता मूलतः एकच होती आणि पतिपत्नीच्या भूमिकांत कॅरल ओकॉनर व जीन स्टेपलटन हेच होते. मुलगी व जावई यांचे नट तेवढे बदलले. हा बदल गौण नव्हे, कारण सासरा व जावई यांचे भांडण हाच मालिकेचा कणा आहे. तरीही एकाच संहितेस दोनदा नकार व नंतर असा होकार मिळतो, तेव्हा कसोटीस लागली होती ती संहिता की वाहिनीचे धैर्य, असा संशय राहतोच.

उलट बाजूस ‘द बिग बँग थिअरी’चे उदाहरण प्रामाणिकपणे मांडावयास हवे. २००६ मधील तिचा पहिला नमुनाभाग प्रक्षेपित झाला नाही. त्यात दोघा भाबड्या शास्त्रज्ञांच्या घरी येणारी केटी ही तरुणी कठोर स्वभावाची होती, आणि चाचणीतील प्रेक्षकांस त्या दोघांची काळजी वाटू लागली. केटीच्या जागी पेनी आली. नवा नमुना २००७ मध्ये दिसला व मालिका २०१९ पर्यंत चालली. येथे चाचणीने कामाची गोष्ट हेरली, आणि ती पात्रांच्या परस्परसंबंधाविषयीची होती, विनोदाच्या एखाद्या क्षणाविषयीची नव्हे. तेव्हा प्रेक्षकास विचारणे चूक नाही. काय विचारावे हे ठरविणे कठीण आहे.

अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये चौदा नमुनाभाग एकदम जनतेपुढे ठेवून तिचे मत मागविले. ‘अल्फा हाउस’ त्यातूनच निवडली गेली. काही वर्षांनी हा उपक्रम थांबला. नमुनाभागावाचून थेट पूर्ण मालिकेस मान्यता देण्याची चाल मधल्या काळात वाढली होती. तिने नमुन्याचा प्रश्न सुटला असे नव्हे, तो केवळ खर्चाच्या दुसऱ्या रकान्यात गेला.

४ जानेवारी १९७३ रोजी कॉमेडी प्लेहाउसमध्ये रॉय क्लार्क यांची एक नाटिका सादर झाली होती. यॉर्कशरमधील तीन रिकामटेकडे प्रौढ गृहस्थ गावभर हिंडतात व बोलतात, यापलीकडे तीत फारसे काही घडत नाही. ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ या नावाने तिची मालिका त्याच वर्षी सुरू झाली व २०१० पर्यंत चालली. नमुनाभागातील तिघांपैकी मायकेल बेट्स दोन हंगामांनंतर गेले. बिल ओवेन १९९९ मध्ये वारले. प्रत्येक भागात दिसले ते एकटे पीटर सॅलिस. टेकड्यांवरून हिंडणारी म्हातारी माणसे मात्र अखेरपर्यंत होती.