ध्वनिलहरींवरील सत्ता आणि भीमगीतांची पर्यायी वाट

स्वतंत्र भारतात प्रक्षेपणाची सत्ता दीर्घकाळ शासनाकडे एकवटलेली होती. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेला आश्रय निर्विवाद आहे. मात्र चित्रपटगीतांना घातलेला आवर आणि स्वरचाचणीची कडक पद्धत यांमधून ‘सुसंस्कृत’ संगीताची एकच मोजपट्टी रूढ झाली. चित्रपटगीतांचा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. जलशाचा श्रोता मुळातच रेडिओवर विसंबून नव्हता.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गीते सभांतून, गायन पार्ट्यांतून व पुढे कॅसेटमधून पसरली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरची दीक्षाभूमी या प्रसाराचे मोठे केंद्र बनली. तेथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटही विकल्या जात.

तथापि पर्यायी माध्यम म्हणजे आपोआप मुक्ती नव्हे. कॅसेटच्या बाजारात लोकप्रिय चालींवर शब्द बसविले गेले, गायक पुढे आला आणि कवी मागे पडला. अशा वेळी अंतिम कडव्यातील नाममुद्रा हीच कवीच्या हक्काची नोंद ठरते.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००२ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना, तर २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे दार उघडले. परंतु परवाना मिळविलेल्या महाविद्यालयाने निवडीची जुनीच मोजपट्टी वापरली, तर केवळ सत्ताधारी बदलतो, सत्तेचे स्वरूप नाही. म्हणून कोणते गीत प्रक्षेपणयोग्य, हे ठरविण्यात त्या गीताच्या समाजाचा वाटा असणे अपरिहार्य ठरते.