दहा रानडुकरे आणि एक तवा

सुट्टीत एका नववीतल्या मुलाशेजारी बसून आम्ही संगणकावरचा एक मारामारीचा खेळ तासभर पाहिला. खेळातल्या गावचा लोहार नायकाला म्हणाला, "दहा रानडुकरांची कातडी आण." नायक गेला, दहा डुकरे मारली, परत आला. मग वैद्यबुवांनी बारा मुळ्या मागितल्या. त्याही आणल्या. त्यानंतर लोहाराला पुन्हा कातडी हवी होती, या वेळी पंधरा. आम्ही विचारले, "मजा येते का रे?" मुलगा म्हणाला, "नाही काका, पण हे केल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

नेमके हेच वाक्य आम्ही विद्यार्थ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. फक्त तिथे विषय असतो प्रयोगवहीचा. म्हणूनच या खेळातल्या कामांकडे जरा बारकाईने पाहावेसे वाटले.

या कामांना खेळाच्या भाषेत 'क्वेस्ट' म्हणतात. क्वेस्ट म्हणजे शोध. पण वरच्या उदाहरणात शोध कुठे आहे? आहेत ते निव्वळ हेलपाटे.

'वस्तू आणून दे' हा प्रकार मुळातच वाईट, असे मात्र नाही. विल क्राउदर आणि डॉन वुड्स या अमेरिकी प्रोग्रामरांनी १९७६-७७ च्या सुमारास 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती, फक्त मजकूर. गुहेतला खजिना शोधून घरात आणायचा, एवढेच काम. पण वाटेत एक साप आडवा येतो. त्याला हुसकावते गुहेतलेच एक पाखरू. ते पिंजऱ्यात धरायला जावे, तर तुमच्या हातातल्या काळ्या काठीला ते घाबरते. काठी खाली ठेवली तरच सापडते. इथेही काम आणण्याचेच आहे, पण प्रत्येक वस्तूपाशी डोके चालवावे लागते.

फरक मोजता येईल का? क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे मोजमाप सुचवले. समजा, आठ दारे आहेत आणि त्यांतले कोणतेही एक उघडे असण्याची शक्यता सारखीच आहे. ते दार कोणते हे कळले, म्हणजे आपल्याला ३ बिट माहिती मिळाली. पण काय घडणार हे आधीच ठाऊक असेल, तर ते घडल्यावर मिळणारी माहिती शून्य. पहिले रानडुक्कर काहीतरी शिकवते : ते कसे धावून येते, कधी बाजूला व्हायचे. दहावे डुक्कर काहीच शिकवत नाही.

यावर निर्मात्यांनी एक तोड काढली. प्रत्येक डुकराकडून कातडे मिळेलच असे नाही. कधी मिळेल, कधी नाही. आता शॅननच्या हिशेबाने माहिती शून्य राहिली नाही. पण ती फाशाच्या दानातही नसते काय? चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात दाखवले, की दाणा कितव्या टोचीला मिळेल हे अनिश्चित असले की कबूतर चिकाटीने टोचत राहते. कबूतर रमले आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. आमच्या मते कसोटी अशी हवी : जी अनिश्चितता विचार करून कमी करता येते, तीच शोधाची. फाशाची अनिश्चितता विचाराने कमी होत नाही.

मग अशी कामे खेळात घालतात कशाला? कारण ती स्वस्त पडतात. नवे कोडे रचायला लेखक, चित्रकार, प्रोग्रामर लागतात. हेलपाट्याला एक साचा पुरतो : कोणी मागितले, काय, किती, कुठून. २०११ च्या 'स्कायरिम' या गाजलेल्या खेळात तर असे साचे भरून संगणकच नवनवी कामे देत राहतो. 'शंभर तासांचा खेळ' अशी जाहिरात करायची, तर तास कशाने तरी भरावेच लागतात.

उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या इथल्या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला राजी शोधते. राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे महाल, देवीने दिलेला त्रिशूळ, आणि अवघी काही तासांची गोष्ट. वाटेत कोणी तिला मुळ्या आणायला पाठवत नाही. बहिणीची घाई खेळाने जपली आहे. हा संयम आम्हांला फार मोलाचा वाटतो. मात्र पुनरुक्ती दुसऱ्या दाराने आत येतेच. चौक बंद होतो, राक्षस येतात, सगळे मारल्यावर वाट उघडते. उत्तरार्धात हे इतक्या वेळा होते, की चौक दिसताच पुढचे कळते. हेलपाटे टाळले म्हणजे साचा टळला, असे नव्हे.

'विचर ३' (२०१५) या पोलंडच्या खेळातली एक म्हातारी आपला तवा परत आणायला सांगते. म्हणजे शुद्ध हेलपाटा! पण बंद दार उघडल्यावर आत खुनाच्या खुणा आणि जळालेले कागद दिसतात. काय घडले असेल, याचा तर्क खुणांवरून करायचा. तवा म्हातारीला मिळतो, खेळणाऱ्याला मिळते ते अनुमान. काही मिनिटांचेच काम, पण लक्षात राहते.

इथे एखादे शिक्षक विचारतील : मग सरावाचे काय? तबला शिकणारा तेच बोल शेकडो वेळा वाजवतो. खरे आहे. पण त्याची लय वाढत जाते, कान चुका पकडू लागतो. हात तेच करत असला तरी प्रश्न दर वेळी थोडा पुढचा असतो. 'म्हातारी आणि भोपळा' या गोष्टीतही तेच प्राणी वाटेत दोनदा भेटतात. जाताना म्हातारीने वायदा केलेला असतो, म्हणून येताना आपण श्वास रोखून ऐकतो. पुनरुक्ती वाईट नाही. काहीही पणाला न लागलेली पुनरुक्ती वाईट.

आता आपल्या प्रयोगशाळेत येऊ. लंबकाचे वीस झोके मोजा आणि g काढा. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवे, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक असते. काही मुले तर उत्तरावरून निरीक्षणे लिहितात. ही दहा रानडुकरेच झाली. त्याऐवजी छताला एक लांब दोर टांगा, खाली वजन बांधा आणि सांगा : दोराला पट्टी न लावता, फक्त घड्याळ वापरून त्याची लांबी काढा. एका झोक्याला २ सेकंद लागले तर लांबी साधारण १ मीटर, ४ सेकंद लागले तर साधारण ४ मीटर. वेळ दुप्पट, लांबी चौपट, का बरे? झोके तेच वीस, घड्याळ तेच, सूत्रही तेच. फक्त उत्तर कोणालाच ठाऊक नाही, आणि शेवटी पट्टी लावून ते पडताळता येते.

त्या नववीतल्या मुलाला खेळ सोडून जाता येत होते. वर्गातल्या मुलांना ती सोय नसते. म्हणून पुढच्या आठवड्याचा गृहपाठ देण्यापूर्वी आपण स्वतःला एकदा विचारून पाहावे : यात डुकरे किती, आणि तवा एखादा तरी आहे का?