मोशेचं आख्यान, कोकणी चाल

आगरदांड्याहून उत्तरेला निघालं की मुरूड, नांदगाव, बोर्ली, रेवदंडा आणि पुढे अलिबागजवळचं नवगाव लागतं. याच पट्ट्यात बेने इस्रायल हे ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी बंद ठेवायचे. लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे आपल्या जंजिरा संस्थानाला शालोम बापूजी हे कारभारीही याच समाजातून मिळाले. आज नांदगावकर, नवगावकर, पेणकर, किहीमकर ही आडनावं इस्रायलमधल्या अश्दोद, बीरशेबा, दिमोनात सापडतात. त्यांच्याबरोबर गेलेल्या गाण्याविषयी हा लेख.

हिब्रू भाषा समाजाला फारशी उरली नव्हती. ‘शेमा’ ही एक प्रार्थना मात्र टिकली. मुलाच्या सुंतेपासून लग्नापर्यंत प्रत्येक प्रसंगी तीच म्हणत. नंतर कोचीनचे गुरुजी आले, मिशनरी शाळांतून हिब्रू आणि मराठी बायबल हाती आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतल्या काही मंडळींनी मग एक अफलातून गोष्ट केली. शेजारच्या देवळात ऐकलेलं कीर्तन त्यांनी सरळ उचललं आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं बसवली. साकी, दिंडी, ओवी, अभंग सगळं तसंच. नायक तेवढे तोरा या ज्यू धर्मग्रंथातले. सिनेगॉगमधली उपासना वाद्यांशिवाय व्हायची, कीर्तनात मात्र हार्मोनियम आणि तबला. हिब्रू न येणारी आजी कीर्तनाच्या रात्री आपल्या धर्माचा इतिहास पहिल्यांदा नीट ऐकत असणार. मला तर हे भाषांतरापेक्षा मोठं काम वाटतं.

१९४८ नंतर समाज इस्रायलला जाऊ लागला. तिथे वेगळीच परीक्षा होती. लग्नाच्या वेळी धर्मपीठ यांच्या ज्यूपणावरच शंका घेई. आंदोलनं झाली, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. हिब्रू तर तिथे रस्त्यावरचा प्रत्येकजण बोलतो. मग आपलं असं काय राहिलं? मराठी गाणं! इकडे ज्यूपण पक्कं करायला जन्मलेलं कीर्तन तिकडे कोकणीपण सांभाळायला उपयोगी पडलं.

ते सांभाळलं मुख्यतः बायकांनी. पूर्वी कीर्तनकार पुरुष असत. तिकडे बायकांच्या गटांनी वह्यांत उतरवलेली पदं एकत्र बसून गायली. अख्खं कीर्तन उभं करणारे कमी होत गेले तरी पदं राहिली. मलिदा या विधीला आजही एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं गाणं होतं, आणि गोड पोह्यांचं ताट, खोबरं, वेलची, फळं सगळं साग्रसंगीत असतं. एलियाहूचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर टेकला होता, ही श्रद्धाही त्यांच्यासोबत गेली आहे. मराठी ‘मायबोली’ मासिकही तिकडून निघालं.

एक काळजी राहते. शब्द कागदावर टिकतील, चाली टिकतीलच असं नाही. बऱ्याच चाली त्या काळच्या लोकप्रिय पदांवरून घेतलेल्या. मूळ पद विसरलं की नव्या पिढीला ओळ कशी म्हणायची ते कळत नाही. आपल्या मुरूड तालुक्यातल्या भजनी मंडळांत जुन्या चाली जाणणारे लोक अजून आहेत. तिकडच्या वह्यांतली पदं त्यांना ऐकवली, दाखवली, तर निम्म्या चाली ते बसल्या जागी गाऊन दाखवतील. हे काम फोनवरसुद्धा होण्यासारखं आहे, आणि सुरुवात आपल्याकडून व्हायला काहीच हरकत नाही.